आठाचे चार

३ मार्च

सोडल्या एकदाच्या मुंग्या! हे नाव ताईनेच ठेवलेलं. डॉक्टरीणबाई त्यांना सूक्ष्म रोबो म्हणतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पोटात औषध घेऊन रक्तातून जातात, बाहेरच्या चुंबकाने वळतात. ताईच्या पाठीच्या मणक्यात गाठ आहे, तिथेच जाऊन औषध ओतणार. कुठे न्यायचं, किती ओतायचं, ते कॉम्प्युटर ठरवणार. माझ्या केसांतल्या पिनासुद्धा काढायला लावल्या आणि मला बाहेर बसवलं.

माझं काम एवढंच — रोज सकाळी ताईला विचारायचं, शून्य ते दहात किती दुखतंय, आणि फोनवर आकडा भरायचा. आधीच्या औषधांनी तिची बोटं बधिर झालीत, तिला स्क्रीन दाबता येत नाही. आकडा सातच्या वर गेला की कॉम्प्युटर लगेच बोलावून घेणार, नवा स्कॅन काढणार.

ताईने माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "आठ."

आठ! आणि चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुर करण्याएवढा जीव होता. मी चार भरले.

४ मार्च

ताई सहा. मी तीन.

८ मार्च

हिचं हे आयुष्यभर चाललंय. गुडघा खरचटला तरी घर डोक्यावर घ्यायची. आई हातातलं काम टाकून धावायची. माझं बोट मोडलं होतं ते तीन दिवसांनी कळलं, कारण मी ओरडले नाही. ओरडून उपयोग नव्हता, सगळे ताईपाशी!

तिला ताप आला की थर्मामीटर वाचायचं काम माझं. शंभरावर चार असला तरी मी आईला शंभरावर दोन सांगायची. ताई अंथरुणातून टकामका बघत राहायची. आई परत स्वयंपाकाला लागायची. मला फार बरं वाटायचं, आणि आजही वाटतं. खोटं कशाला लिहू?

१७ मार्च

स्कॅन झाला. डॉक्टरीणबाई माझ्यावर खूश. "तुम्ही भरलेले आकडे चित्राशी तंतोतंत जुळतात. असे नातेवाईक क्वचित मिळतात." कॉम्प्युटर आता आमच्या आकड्यांवर जास्त विश्वास ठेवणार म्हणे. दोन आठवड्यांऐवजी पुढचा स्कॅन चार आठवड्यांनी.

म्हणजे मीच बरोबर! आठ म्हणते तेव्हा हिचं चारच दुखतं, आता मशीननेच सांगितलं. येताना गाडीत मी गाणं गुणगुणत होते. ताई म्हणाली, "आज स्वारी खुशीत दिसतेय." मी म्हटलं, "तुझीच तब्येत सुधारतेय म्हणून." ती खिडकीबाहेर बघत हसली.

२२ मार्च

ताई दहा. मी पाच.

२३ मार्च

दहा. पाच.

२६ मार्च

रोज दहाच. जरा इकडेतिकडे करावं, तेवढंही डोकं नाही.

आज म्हणाली, "दहाच्या पुढे काय गं असतं?" मी म्हटलं, "नाटक." तिने डोळे मिटले. मग हळूच, "मला एकदा डॉक्टरीणबाईंकडे ने." मी म्हटलं, "तारीख एप्रिलमध्ये आहे. तुझ्यासाठी ते दवाखाना हलवणार नाहीत." तिच्याशी असं बोलताना जीभ अडखळत नाही माझी.

३० मार्च

आज ताई ओरडली नाही. कूस बदलताना उशीची कड दातांत धरली आणि मुकाट पडून राहिली. मी दारातून बघत होते, हे तिला माहीत नव्हतं. मला भीती वाटली.

खोलीत गेले. "किती?" "दहा." पहिल्यांदाच दहा भरले. फोनने विचारलं — आकडा कालच्या दुप्पट आहे. भरताना चूक झाली का?

'नाही' दाबलं तर दवाखान्यातून फोन येणार. मग कालच्या आकड्याचं विचारणार, परवाच्या. 'होय' दाबलं. पाच केले.

२ एप्रिल

सकाळी ताईला पाय हलवता येईनात. ॲम्ब्युलन्स बोलावली. गाठ खाली कमरेच्या मणक्यात उतरलीय. मुंग्या मात्र वरच्या जुन्या जागीच औषध ओतत राहिल्या, कारण पाचच्या आकड्यावर कॉम्प्युटरला काळजीचं काही वाटलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सात पार झाला असता तर दहा दिवस आधी बघितलं असतं. पाय परत येतील असं आता मी सांगू शकत नाही." मग माझ्याकडे वळून, "आकडा पाचच कसा?"

मी म्हटलं, "ती सांगायची तोच भरला."

ताई पलंगावर होती, हाताच्या अंतरावर. तिने सगळं ऐकलं.

३ एप्रिल

आज विचारलं, काल गप्प का बसलीस? ताई म्हणाली, "काय सांगणार त्यांना? थर्मामीटर वाचायचीस तेव्हापासून ठाऊक आहे मला. तू निम्मं करणार, म्हणून मी पहिल्या दिवसापासून दुप्पट सांगत होते. पाचापर्यंत जमलं. पुढे आकडेच संपले."