एरसाइनचा लांब स्वर

बालखाश,
१४ नोव्हेंबर १९९६

प्रिय दाउरेन,

सलाम. जित्राब, लेकरंबाळं सुखरूप ना? आम्ही बरे आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. वीज दिवसाला दोन तास येते. तळं अजून गोठलेलं नाही.

सात वर्षांनी लिहितोय, तर मुद्द्याचं लिहावं. पण आपल्याकडे काही बातम्या तोंडावर सांगत नाहीत, आधी वाद्याच्या तारा छेडतात. म्हणून आधी गिटारचंच सांगतो.

गेल्या शुक्रवारी मला कुल्पाश आपाकडे जाऊन तिच्या लेकाचं, एरसाइनचं, गाणं वाजवायचं होतं. तेही साध्या लाकडी गिटारवर. संध्याकाळी करागांडाहून गाडी यायच्या आत तिला कळायला हवं होतं आणि हाताशी फक्त सकाळ होती. खरं तर हे काम गल्लीतल्या वादकाचं, सागिंदिक आजोबांचं. पण त्यांनी आपला दोन तारांचा डोंब्रा भिंतीला टेकवला. म्हणाले, "माझ्या डोंब्र्याला तिच्या पोराची बोली येत नाही. तुला येते. तू जा."

त्याचा तो लांब स्वर आठवतो? विजेच्या गिटारवर तार ओढून धरायचा आणि स्वर रडत राहायचा. आपा कुंपणापलीकडून ओरडायची, "मेल्या, गाय पान्हा चोरतेय, बंद कर ते!" लाकडी गिटारची जाड तार तशी ओढली जात नाही. स्वर दोन मात्रांत मरतो. मी खालची तार मोकळी वाजत ठेवली आणि वरच्या तारेवर डोंब्र्यासारखे झरझर हात मारून पाहिले. आजोबा म्हणाले, "गाणं बसवतोयस की खिळे ठोकतोयस?" मग पट्टी उतरवली. झणझणाट होता तिथं नुसती बोटं फिरवली. सगळं गाणं बसलं, तो स्वर तेवढा बसेना.

आपाने चहा ओतला. "गिटार घेऊन आलास? तुझा दोस्त आज-उद्या येईलच. तोवर तू माझं डोकं खा."

मी वाजवायला लागलो. ती पायाने ताल धरत होती. लांब स्वराशी आलो तेव्हा खिळे ठोकायचं मला धाडस झालं नाही. एकदाच तार छेडली. स्वर आला आणि विझला.

आपाचा हात चहादाणीवर थांबला. "हा इतक्यात संपत नसे," ती म्हणाली.

मी गिटार खाली ठेवली.

"संपला का रे, तुर्सिन?"

"संपला, आपा."

दाउरेन, आपला एरसाइन गेला. सात तारखेला पहाटे बर्फावर त्याचा ट्रक उलटला. शुक्रवारी संध्याकाळी करागांडाहून त्याला आणलं, शनिवारी माती दिली. आपा रडली ती सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. मी मात्र अजून नीट रडलेलो नाही, आणि त्याला कारण आहे.

गेल्या वर्षी शरदात तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, "दाउरेनने जाताना तिघांचा ॲम्प्लिफायर नेला तर नेला. वीज आहेच कुठे? आपली गाणी लाकडी गिटारवर बसवू, आपाच्या अंगणात तिघं वाजवू. तुझ्याकडे त्याचा पत्ता आहे, त्याला लिही."

मी लिहिलं नाही. ॲम्प्लिफायरचा राग माझ्या पोटात होता, त्याच्या नव्हता. महिन्याने त्याने विचारलं तेव्हा म्हणालो, "कळवलं. तो नको म्हणाला."

तो बराच वेळ तारा पुसत बसला. मग म्हणाला, "ठीक आहे. त्याच्या ओळी मोकळ्या ठेवून बसवू. कधीतरी मन बदलेल त्याचं." लांब स्वराचं गाणं तेवढं त्याने तू येशील तेव्हासाठी ठेवलं; बाकीची सबंध हिवाळा आम्ही तशीच बसवली. तुझी ओळ आली की तो गायचा थांबायचा, आणि मी मान खाली घालून वाजवत राहायचो. एका वाक्यात सांगता आलं असतं, पण माझ्याच्याने ते झालं नाही.

तू नकार दिलास असं समजूनच तो गेला. हे मला आता कुठल्याच तारेवर दुरुस्त करता येणार नाही.

सोळा डिसेंबरला चाळिसावा दिवस आहे. आपाने त्याचं गाणं मागितलंय, सबंध. तू यावंस. माझ्याशी बोलू नकोस, मी नेऊन देईन तो चहाही घेऊ नकोस. त्याच्या लांब स्वराच्या जागी मी थांबेन आणि तुझ्या ओळींच्या जागीही. त्या ओळी मी गाणार नाही, दुसऱ्या कुणाला गाऊ देणार नाही.

तुझ्यासाठीचा निरोप वर्षभर दाबून ठेवणारा,
तुर्सिन