तुझ्या गॅरेजातले दोन नळ

प्रिय कोरीन,

(आणि ट्रॅव्हिस, हे पाकीट आईच्या आधी तू फोडलं असशील, तर वाच बाबा. फक्त मोठ्याने वाच, तिला ऐकू जाईल असं.)

वाईट बातमी आधी सांगते, म्हणजे तुझं चिडून झालं की पुढचं नीट वाचशील. तुझ्या जेवणाच्या टेबलाच्या त्या दोन जास्तीच्या फळ्या, ओकच्या, ज्या तू वर्षातून एकदा कर्मिसच्या, आपल्या सुगीच्या सणाच्या, जेवणाला पलंगाखालून ओढून काढायचीस, त्या मी कापल्या. मधोमध उभ्या चिरल्या. माझा नवरोबा लेरॉय म्हणत होता, अगं बाजारातून साधं लाकूड आण, हे कोरीनच्या सासूचं टेबल आहे. मी म्हटलं, सासू गेली, नवरा गॉर्डन गेला, आणि कोरीन मिलवॉकीला जाऊन बसलीय. फळ्या जपायच्या कुणासाठी? आता चीड. पण इथे येऊन चीड, तिथून नको.

फेब्रुवारीत तू टपालपेटीपाशी बर्फावर घसरलीस, खुबा मोडलास आणि ट्रॅव्हिस तुला घेऊन गेला. दीड महिन्यासाठी. चालायला लागली की आणून सोडतो, असं तो माझ्या अंगणात उभं राहून म्हणाला होता. चालायला तर तू एप्रिलमध्येच लागलीस. आता सप्टेंबर संपत आला. मी कधी फोन केला की तू मुलांना शाळेत सोडायला गेलेली असतेस, नाहीतर त्यांचं जेवण करत असतेस, नाहीतर कपड्यांच्या घड्या घालत असतेस. आजारी माणसाची सेवा मीही पाहिलीय, माझ्या आईची केलीय. त्यात घड्या आजारी माणूस घालत नाही.

बरं, फळ्यांचं सांगते. त्या लागल्या तुझ्या फ्रीझरला. गॅरेजातला तुझा तो आडवा, पेटीसारखा. त्यातलं हरणाचं मांस माझ्याकडे आणलं, थोडं खाल्लं, खोटं कशाला बोलू. आणि रिकाम्या फ्रीझरचं मी ते केलं जे तू मला इतकी वर्षं ऐकवत आलीस. दर वेळी आपली घरची बिअर तयार झाली की आपण बाटल्या धुवायला बसायचो, बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत, आणि तू म्हणायचीस, मार्लिस, एक दिवस आपण नळ लावू, नळ सोडला की थंड बिअर, बाटलीचं तोंड बघायचं नाही. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आता लावले नळ. दोन.

लेरॉय ड्रिल घेऊन आला आणि सरळ फ्रीझरच्या पोटाला टेकवलं. मी त्याचा हात धरला. त्याच्या चुलतभावाने, त्या नॉर्बर्टने, तेच केलं होतं ना? फ्रीझरच्या भिंतीत गॅसच्या नळ्या नागमोडी फिरवलेल्या असतात, कुठून जातात ते बाहेरून दिसत नाही. नॉर्बर्टने भोक पाडलं, फुस्स असा आवाज झाला आणि संपलं. आत त्याची आणि त्याच्या मेव्हण्याची मिळून शिकारीच्या सगळ्या हंगामाची हरणं. मग काय, चर्चचा मोठा हंडा बाहेर काढला, अख्ख्या गावाने बूयाचा रस्सा शिजवला आणि तू आणि मी कांदे सोलत त्याला शिव्या घातल्या. लेरॉयनेही त्या बूयाच्या तीन वाट्या ओरपल्या होत्या, तरी विसरला. पुरुषांना चव आठवते, कारण आठवत नाही.

तर भोक फ्रीझरला पाडायचंच नाही. झाकण काढायचं, फ्रीझरच्या तोंडावर लाकडाची चौकट चिकटवायची, गळपट्ट्यासारखी, आणि झाकण त्या चौकटीवर बसवायचं. भोकं पाडायची ती लाकडाला. नळ लाकडातून बाहेर, पिंपं आत, बिअर ढकलणाऱ्या गॅसचा सिलिंडर कोपऱ्यातल्या उंचवट्यावर. तुझ्या सासूचा ओक काय सुंदर दिसतो म्हणून सांगू. टेबलात पडून होता तेव्हा त्याच्याकडे कुणी दोनदा पाहिलं नसेल.

लगेच जमलं असं समजू नकोस. मला सगळे सांगत होते की फ्रीझरला एक डबी लावावी लागते, ती आतली थंडी बघते आणि हवं तेव्हा वीज तोडते. मी म्हटलं, थंड म्हणजे थंड, डबी कशाला. फ्रीझर तो, त्याने त्याचं काम केलं. सकाळी पिंप हलवलं तर आत दगड. वितळल्यावर चाखली तर मेलेली, पाणी वेगळं आणि कडूपणा वेगळा. नववीत शाळा सोडून गाई पिळायला लागलेल्या बाईला डोकं जरा उशिरा येतं, पण येतं. डबी आणली. मग फेस. नळ सोडला की ग्लासभर नुसता फेस, लेरॉयच्या मिश्या पांढऱ्या. मी नळी आखूड ठेवली होती, उगाच लांबड कशाला म्हणून. तर नळी लांब लागते, चांगली वेटोळी करून, म्हणजे बिअरचा जोर वाटेतच उतरतो आणि ती शहाण्यासारखी बाहेर येते. माझ्यासारखीला हे पटायला वेळ लागला.

यातलं काही मी तुला विचारलं नाही. विचारायला फोनवर तू कुठे होतीस?

मग या महिन्याच्या सुरुवातीला ट्रॅव्हिस आला. एकटा नाही, एक तरुण जोडपं घेऊन. घर दाखवायला. एक तारखेपासून भाड्याने देणार म्हणे. तुला हे माहीत आहे ना, कोरीन? आहे असं तो म्हणतो. किल्ली माझ्याकडे, म्हणून मीही मागे मागे फिरले. स्वयंपाकघर, न्हाणीघर, खोल्या, सगळं दाखवून त्याने गॅरेजचं दार वर केलं आणि तिथेच थांबला. मार्लिस मावशी, हे काय आहे, म्हणाला. मी म्हटलं, दिसतंय ते. तो म्हणाला, हे आईचं घर आहे, तुम्ही असं काही करू शकत नाही. मी म्हटलं, हो, आईचं आहे, मग आईला सांग मला ओरडायला. त्याने दोन आठवड्यांत काढून टाका म्हणून सांगितलं. मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, त्या जोडप्याला एकेक ग्लास भरून दिला. तो पोरगा ओठावरचा फेस पुसत मला विचारतो, हे घराबरोबरच मिळतं का? मी म्हटलं, मिळतं, पण घराबरोबर एक बाईही आहे, ती अजून यायचीय. ट्रॅव्हिस गाडीत जाऊन बसला. लहानपणी तू जेवायला हाक मारलीस की असाच गाडीत जाऊन बसायचा.

दोन आठवडे होऊन गेले. काढलेलं नाही.

गेल्या रविवारी कर्मिस झाली. चर्चमधली मासची प्रार्थना झाल्यावर सगळे तुझ्या अंगणात आले, मीच बोलावलं. सुक्या प्लमच्या गोड पाई मी केल्या आणि वर चीज चांगलं जाड थापलं, कारण हात आवर म्हणणारं कुणी नव्हतं. एका नळाला माझी बिअर होती, ती संपली. दुसरा कोरडा. जो येईल तो विचारायचा, तो का बंद? तो कोरीनच्या काळ्या बिअरचा, मी सांगायची. त्यांना वाटायचं तू कुठे आत आहेस. ती काळी मी तीनदा करून पाहिली. जव भाजताना तू काय करतेस कोण जाणे, माझी होते ती भांडी धुतलेलं पाणी. तुला दवाखान्यात भुलीत विचारलं होतं मी, आठवतं? तेव्हाही सांगितलं नाहीस. डोळे मिटून हसलीस नुसती.

सोमवारी मी फोन केला. ट्रॅव्हिसने उचलला.

"आई इथेच राहणार आहे, मावशी. तिनेच ठरवलंय."

"बरं. मग तिला दे फोन, तिच्या तोंडून ऐकते."

"ती आता मुलांना आंघोळ घालतेय."

"डॉक्टरांनी तिला वाकू नको म्हणून सांगितलंय ना रे?"

मागे पाण्याचा आवाज येत होता, आणि तू कुणाला तरी डोळे मीट म्हणत होतीस. तुझा आवाज चांगला होता. हसण्याचा होता. तो ऐकून मी फोन ठेवला, आणि तेव्हापासून मला एक गोष्ट टोचतेय, ती लिहूनच टाकते. ट्रॅव्हिस खोटं बोलत असेल असं मी इतके दिवस धरून चालले. समजा तो खरं बोलत असेल तर? समजा तू रमली असशील? नातवंडं आहेत, शेवटी तुझीच. तिथे अंगणातलं बर्फ दुसरं कुणी काढतं. मी तुझ्या पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवून घेतलाय, टपालपेटी दाराशी आणलीय, पण बर्फ पडायचं ते पडणारच, ते मी थांबवू शकत नाही. तुला भीती वाटत असेल तर वाटू दे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण माझ्याशी तू आजवर कधी दुसऱ्याच्या तोंडून बोलली नाहीस.

म्हणून हे पत्र. या रविवारी मास झाला की मी पिकअप घेऊन मिलवॉकीला येतेय. ट्रॅव्हिसच्या घरासमोर रस्त्यावर गाडी लावीन. घंटा वाजवणार नाही, आत येणार नाही, तुझ्या सुनेची कॉफी पिणार नाही. बॅग घेऊन बाहेर आलीस तर शेजारची सीट रिकामी आहे, लेरॉयला घरीच ठेवणार आहे. बॅगेशिवाय आलीस आणि माझ्याकडे बघून म्हणालीस की मार्लिस, मला इथेच राहायचंय, तर मी एक शब्द बोलणार नाही. परत येईन, नळ काढीन, चौकट उखडीन, फ्रीझर पुसून ठेवीन आणि घर भाड्याने घेणाऱ्या त्या पोराला किल्ली देईन. हे मी करीन, तुला माहीत आहे. पण ट्रॅव्हिसला पाठवलंस, किंवा खिडकीतून हात हलवलास, तर ते मी उत्तर धरणार नाही. मग मी गाडीतच बसून राहीन. पोलिसांना बोलवायचं तर बोलवू दे त्याला, मी त्यांनाही सांगीन की एका बाईची वाट बघतेय. सोमवारी जेवायला थांबू नकोस, असं लेरॉयला सांगून ठेवलंय.

कुणालाही न विचारता तुझीच,
मार्लिस