यंत्राने एकदाच म्हटलेलं ‘तू’

मी, वय एकतीस, अविवाहित, मापन-उपकरणांच्या प्रयोगशाळेत तपासणी अभियंता, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझं हे पहिलं आणि बहुधा शेवटचं मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्या मेंदूत डाव्या बाजूला गाठ आहे. ती भाषेच्या जागेला चिकटलेली आहे आणि उद्या काढणार आहेत. जीव वाचला तरी शब्द राहतील याची हमी डॉक्टर देत नाहीत. शब्द गेले तर पुढचे व्यवहार कोणी पाहायचे, याचं मुखत्यारपत्र वेगळं केलं आहे. जीव गेला तर हा कागद लागू होईल. आज दोन्ही शाबूत आहेत, म्हणून आज लिहिते.

१. राहतं घर, सामानासह, माझ्या वडिलांच्या दुसऱ्या पत्नीला द्यावं. न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो. तो वडिलांनी स्वतः बसवला होता आणि चूक शेवटपर्यंत कबूल केली नाही. तो आता बदलून घ्यायला हरकत नाही.

२. बँकेतल्या शिल्लकेतून आधी रुग्णालयाचं बिल भागवावं. उरेल ते त्यांनाच.

३. माझे मायक्रोमीटर आणि मापं पडताळायच्या पोलादी प्रमाण-ठोकळ्यांची पेटी प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याला द्यावी. कोणतंही उपकरण हातात घेतलं की आधी शून्य तपासतो, म्हणून आम्ही त्याला ‘शून्य’च म्हणतो. ठोकळ्यांना उघडा हात लावायचा नाही हे त्याला सांगावं लागत नाही. त्याच्याकडून उसने नेणाऱ्यांना लागेल.

४. धाकट्या काकांनी माझ्या वाढदिवसाला दिलेलं यंत्राचं रबरी डोकं, लिपस्टिकसह, त्यांना साभार परत करावं. कारण पुढच्या कलमात आहे.

५. माझ्या वडिलांनी लिहिलेल्या ‘परतीचं इंधन’ या तेरा भागांच्या विज्ञानमालिकेचे सर्व हक्क त्यांच्या पश्चात माझ्याकडे आले आहेत. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी: यानात एकटी उरलेली कप्तान आहे आणि यान चालवणारं यंत्र आहे. यंत्र प्रत्येकाला ‘तुम्ही’ म्हणतं. तेराव्या भागात कप्तानची हवा संपत आल्यावर ते एकदाच म्हणतं, “झोप तू. मी जागी आहे.” लोक अजून ते वाक्य आठवून डोळे पुसतात. यंत्राला आवाज माझ्या वडिलांच्या दुसऱ्या पत्नीनेच दिला. तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं.

त्यावरून काकांनी वडिलांच्या परवानगीने आणखी तीन मालिका काढल्या. मूळ कलाकृतीशी इमान राखणं म्हणजे तिची नक्कल करणं, असं मी मानत नाही. काकांच्या तिन्हींतल्या दुसऱ्या मालिकेत यान नाही, यंत्र नाही, नुसती धुळीच्या ग्रहावरची शाळा आहे. तरी तीच मूळच्या सर्वांत जवळ आहे, कारण तिथेही जवळीक कोणाला फुकट मिळत नाही. त्यांच्या पहिलीने यंत्राला सरसकट ‘तू’ म्हणायला लावलं. तिसरीने यंत्र पहिलीवरून उचललं, मूळ पाहिलंच नाही, आणि वर त्याला हातपाय नि लिपस्टिक दिली. आमच्या कामात याला माफी नाही. नकलेवरून नक्कल मापली की चुकीत चूक मिळत जाते आणि प्रत्येकाला आपलं माप बरोबर वाटतं.

काकांना मी हे सांगितलं होतं. ते म्हणाले, “अगं, तुम्ही-तुम्ही करणारं यंत्र कोण बघणार? ‘तू’ म्हटलं की घरचं वाटतं.” घरचं वाटायला मूळ मालिकेला तेरा भाग लागले होते, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी चहा मागवला.

काकांच्या नव्या, चौथ्या मालिकेत कप्तान पुन्हा जागी होणार आहे. ते शेवटचं वाक्य गाळलं आहे, कारण ऊठसूट ‘तू’ म्हणणाऱ्या यंत्राच्या तोंडी त्याला काही अर्थच उरत नाही. परवानगीचे कागद घेऊन काका परवा या खाटेशी आले. “सही करून टाक,” म्हणाले, “नंतर हात चालेल न चालेल.” मी केली नाही. मग त्यांनी वातावरण हलकं करायला त्यांचा ठेवणीतला किस्सा काढला: दादाने ‘तुम्ही’च लिहिलं होतं, ही बाई ध्वनिमुद्रणात चुकली, आणि दुसरा टेक घ्यायला वेळ नव्हता म्हणून तेच गेलं. घरातल्या प्रत्येक जेवणावळीत मी तो ऐकला आहे. ज्यांच्यावर तो किस्सा, त्या दर वेळी हसून पाणी वाढायला उठत.

परवा त्या हसल्या नाहीत. काका गेल्यावर माझी उशी सारखी करताना म्हणाल्या, “चुकले नव्हते मी. तेव्हाही ‘तुम्ही’ म्हटलं असतं, तर ती बिचारी एकटीच मेली असती.”

वडिलांना हे सांगितलं होतं का, असं मी विचारलं. “त्यांनी विचारलं कुठे?” एवढंच म्हणाल्या.

सबब ‘परतीचं इंधन’चे सर्व हक्क मी त्यांच्या नावे करत आहे. ज्या शब्दावर ती मालिका उभी आहे, तो वडिलांचा नव्हता. नवीन मालिका निघूच नये असं माझं म्हणणं नाही. परवानगी द्यायची की नाही ते त्या ठरवतील. अट एकच. कप्तान मेलेली आहे आणि ती मेलेलीच राहील. काकांनी कज्जा केल्यास हे कलम न्यायालयात मोठ्याने वाचावं, किश्श्यासकट.

६. माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. नव्या आईला काय म्हणायचं ते मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गरज पडली की “अहो, ऐकता का” म्हणायचे. वडील आतून ओ देत, आणि मग दोघांचीही पंचाईत होई. पुढे तेच चालू राहिलं. त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही.

लाभ घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून त्या आत्ता बाहेर बाकावर बसल्या आहेत. मला दाखल केल्यापासून घरी गेलेल्या नाहीत. हे वाचलं जाईल तेव्हा मी जागी नसेन. तरीही लिहिते: घरी जा आणि झोप तू.

ठिकाण: रुग्णालय, तिसरा मजला, खिडकीजवळची खाट.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपार.

सही: लिहून ठेवणार

आमच्या दोघींच्या समक्ष सही केली. हात स्थिर होता.
साक्षीदार पहिली: भूल देणाऱ्या डॉक्टर
साक्षीदार दुसरी: शेजारच्या खाटेवरच्या आजींची सून, शिक्षिका

खाडाखोडीबद्दल: कलम सहामध्ये ‘तुम्ही झोपा’ खोडून ‘झोप तू’ केलं आहे. बाजूला माझी सही आहे. ही चूक नाही.