पापण्यांना झेपेल असा मस्कारा

३ नोव्हें., सोमवार. नांदेड
सकाळी लॅबमध्ये सरांनी हाक मारली. "मॅडम, मायक्रोस्कोपला काय लावलंय हे?" बघते तर आयपीसच्या काचेवर काळे ठिपके. माझ्या मस्काऱ्याचे. स्लाईड बघायला डोळा टेकवला की पापण्या काचेला लागतात. म्हणजे ज्या आहेत त्या. स्पिरिटनं पुसून काढलं. सर तोंड फिरवून हसले. हा तिसरा मस्कारा बाद.

संध्याकाळी अशूचा फोन. लातूरच्या होस्टेलला दोन वर्षं एका खोलीत काढली आम्ही, आता तिचं लग्न. ४ डिसेंबर, लातूरलाच. "करवली तू. काय कारण सांगायलीस ते आत्ताच सांग, म्हंजी आत्ताच भांडते."
हो म्हटलं. फोन ठेवला आणि आरशापुढं गेले. करवली म्हणजे प्रत्येक फोटोत नवरीच्या खांद्यामागं.

५ नोव्हें., बुधवार
वही माझी, कोण वाचणार. लिहून टाकते.
लातूरला रिपीटच्या वर्षी मी पापण्या उपटायचे. अभ्यास करता करता हात आपोआप डोळ्याकडं जायचा. एक निघाली की बरं वाटायचं, अर्धा मिनिट. मग दुसरी. बायोलॉजीच्या पानावर पडायच्या, पांढऱ्यावर काळ्या, स्वल्पविरामासारख्या. परीक्षेपर्यंत वरच्या पापण्या जवळजवळ संपल्या होत्या. अशूनं एकदा माझ्या दोन्ही बोटांना चिकटपट्टी गुंडाळली. तशीच पेन धरून मी आख्खा पेपर सोडवला होता. मेडिकलला नंबर काही लागला नाही. डीएमएलटी केलं, लॅबमध्ये लागले, आणि खरं सांगायचं तर रक्ताच्या स्लाईडी बघण्यात मी खूश आहे.
घरी सांगितलं, ॲलर्जी झाली. आईनं काजळ बंद केलं, अंडी बंद केली. मी तसंच चालू दिलं.
तीन वर्षं झाली, हात बराच शहाणा झालाय. पापण्या आल्या, पण विरळ आणि सरळसोट. उजव्या डोळ्याला मधोमध फट. तिथं काही उगवतच नाही.

७ नोव्हें., शुक्र.
फरजाना आपांचं दुकान. बांगड्या, टिकल्या, मेकअप, सगळं त्या एकट्या बघतात. मी म्हटलं, लग्न आहे, फोटोत दिसायला पाहिजे आणि काचेला लागायला नको.
आपांनी माझा चष्मा काढायला लावला, हनुवटी धरून उजेडाकडं वळवली. मला वाटलं आता विचारतील. विचारलं नाही.
"ये मोटा ब्रश तेरे काम का नै बेटा. भरलेल्या पापण्यांचा हाय तो. तुझ्या बारीक हैत, तुला बारीकच ब्रश पाहिजे." पेन्सिलीएवढा बारीक ब्रश दाखवला. वर म्हणाल्या, "शादी है तो वॉटरप्रूफ ले. रडशील."
घेतला.

९ नोव्हें., रवि. अर्धापूर
घरी. आईनं शेंगदाण्याची पोळी केली होती. मी मस्कारा लावूनच गेले, बघू तर खरं म्हणून. आई बघत बसली. "डोळ्यात काय घातलीस? परत ॲलर्जी होईल की."
"पापण्यांना लावलंय आई, डोळ्यात न्हाई."
"बरं दिसायलंय," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "लई बरं दिसायलंय."
बारीक ब्रशचा फरक आहे. एक एक पापणी सुटी राहते, गुठळ्या कमी. दुपारभर कुठं उतरला नाही.

१३ नोव्हें., गुरु.
वाईट दिवस.
वॉटरप्रूफ लागतो चांगला पण निघत नाही. साबणानं नाही, तेलानं अर्धा. कापूस घासला, घासला, आणि कापसावर दोन पापण्या आल्या. मुळासकट. बघत राहिले. मग राहिलेल्या पापण्यांवर जे कडक कडक चिकटलेलं होतं ते बोटाला लागलं आणि बोट तिथंच...
चार. मी स्वतः.
आठ महिन्यांत एकही नव्हती.
हात धुतले. खिडकीत बसून चष्मा घालून रस्ता बघितला. अशूला फोन लावला तर ती साड्यांच्या दुकानात. मागं सगळ्या बायकांचा गलका. म्हटलं, काही नाही गं, सहज.

१४ नोव्हें., शुक्र.
परत आपांकडं. तो मस्कारा काउंटरवर ठेवला. "आपा, हा काढताना रगडावं लागतंय. मला रगडायचं नाही. आणि पापणीवर कडक काही राहिलं तर माझा हात तिकडं जातो. तसलं नको."
इतकं मी कुणाला सांगितलं नव्हतं. अशू सोडून.
आपांनी तो मस्कारा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "तो ऐसा बोल ना पहले. मैंने शादी के वास्ते दिया, तेरे वास्ते नै दिया."
आतून एक डबी काढली. हा म्हणे रंगासारखा नसतो, एकेका पापणीभोवती नळी होऊन बसतो. कोमट पाणी लावलं की नळीच्या नळी सुटते. घासायचं नाही. "कापूस भिगव, डोळ्यावर ठेव, बीस तक गिन. फिर हलके से नीचे. खींचना नै."
लावायचं पण दाखवलं, स्वतःच्या मनगटावर. ब्रश आधी टिश्यूला टेकवायचा म्हणजे जास्तीचा तिथंच जातो. मुळापाशी जरा डावं-उजवं हलवायचं आणि वर न्यायचं. एकदाच. दुसरा हात द्यायचाच तर वाळायच्या आधी, नाहीतर गुठळी. ब्रश नळीत खालीवर खुपसायचा नाही, हवा जाऊन वाळतो. कुणाचा वापरायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, आणि तीन महिन्यांनी फेकायचा. हे शेवटचं मला सांगायला नको होतं, लॅबमध्ये दिवसभर जंतूच बघते मी.

१७ नोव्हें., सोम.
सकाळी नऊला लावला. संध्याकाळी पाचपर्यंत काच स्वच्छ. सर दोनदा येऊन आयपीस बघून गेले, मुद्दाम.
घरी आल्यावर कापूस, कोमट पाणी, वीस आकडे. कापूस उचलला. बारीक बारीक काळे केस! दहा-बारा! घाईनं आरसा बघितला. सगळ्या जागेवर. पण खात्री होईना. कापूस डबीत घालून ठेवलाय, उद्या नेते.

१८ नोव्हें., मंगळ.
जेवणाच्या सुट्टीत कापसावरचे तुकडे स्लाईडवर घेतले. नुसत्या नळ्या. पोकळ. आत केस नाही. बारा तुकडे बघितले, बारात एकही मूळ नाही. एकटीच हसले जोरात. रिसेप्शनची पूनम आत आली, "काय दिसलं मॅडम?" म्हटलं, "काहीच नाही! बघ ना, काहीच नाही!" तिनं पण डोळा लावून बघितलं आणि काही न कळता "छान हाय" म्हणाली.

२४ नोव्हें., सोम.
आठवडा झाला. रोज लावते, रोज निघतो. हात जातो कधीकधी, पण पापणी मऊ लागते, धरायला काही सापडत नाही, परत येतो.
फटीचं पण जमलं. काळ्या पेन्सिलीचा ठिपका, पापणीच्या मुळाशी, फट असेल तिथंच. आख्खी रेघ ओढली की उलट फट उठून दिसते. अशूला व्हिडिओवर दाखवलं. ती फोन नाकाला लावून बघायली. "कोणता डोळा गं? मला आठवंना." यापेक्षा चांगलं कोण काय बोलणार.

२ डिसें., मंगळ. लातूर
दुपारची बस. अहमदपूरला चहा, भजी. लातूरला उतरले. क्लासच्या रस्त्यावरून रिक्षा गेली. बोर्डावर हसऱ्या पोरांचे फोटो, खाली मार्क. फूटपाथवर फायली छातीशी धरलेल्या पोरी, झेरॉक्सच्या दुकानात तीच रांग. आमच्या होस्टेलला आता हिरवा रंग दिलाय. रिक्षावाले काका म्हणाले, "ताई, क्लास लावायलाव का?" म्हटलं, "न्हाई काका, लग्नाला आले." चोविसाव्या वर्षी मी अजून रिपीटर दिसते तर.
अशूनं दारातच मिठी मारली. आधी डोळे बघितले. मग जेवण विचारलं.

५ डिसें., शुक्र.
काल लग्न झालं. आज सगळं सविस्तर.
सकाळी कार्यालयातल्या खोलीत पार्लरवाली ताई. अशूचं अर्धं आवरून झालं आणि ताई माझ्याकडं वळली. हातात नकली पापण्यांची पट्टी, दुसऱ्या हातात गोंद. "करवलीला पण लावते. तुमच्या लई विरळ हायत. फोटोत दिसायच्याच न्हाईत."
"नको ताई."
"आवो, दोन मिनिटाचं काम. काढताना जरा ओढल्यासारखं होतं तेवढंच."
खोलीत अशूच्या दोन मावश्या, आत्या, एक चुलत बहीण. सगळ्या म्हणायल्या, लाव की गं, लग्नच हाय. अशू आरशातून माझ्याकडं बघत होती. ती बोलणार होती माझ्या वतीनं, मला दिसलं. मी आधी बोलले.
"ताई, मी माझ्या पापण्या उपटायचे. क्लासला असताना. आता थांबलंय. ओढायचं काही मला डोळ्याला लावायचं नाही."
बाहेर सनईवाले सूर लावत होते. आत्याबाईंनी पदर सारखा केला. मला वाटलं, झालं, आता दिवसभर सगळ्या माझ्या डोळ्यांकडं बघणार.
ताईनं गोंदाला टोपण लावलं. पेटी मिटली. "तुमचं काय हाय ते काढा. तुमच्या हातानं लावा. मी आरसा धरते."
आणि धरला. खिडकीपाशी, उजेडात, दोन्ही हातांनी. मी टिश्यूला ब्रश टेकवला, मुळापाशी हलवला, वर नेला. ताई म्हणाली, "घाई न्हाई." फटीतल्या ठिपक्याला तिनं मान डोलावली. "हे मला बी शिकायचं हाय."
अशूचे डोळे भरले. ताई तिच्यावर खेकसली, "नवरीबाई, वर बघा! वर! आत्ताच लावलंय!"
मावशी हसल्या, मग सगळ्याच.
दिवसभर कोणी बघितलं असेल तर मला कळलं नाही. मंगलाष्टकांना अक्षता चष्म्यावर, केसांत. पंगतीत वाढलं. पाठवणीला मी पोटभर रडले, अशूची आई आणि मी एकमेकींच्या खांद्यावर. नंतर हात धुवायला गेले तर आरशात नाक लाल, डोळे लाल आणि पापण्या जिथल्या तिथं काळ्या.

७ डिसें., रवि. अर्धापूर
आईला फोटो दाखवले. ती बोटांनी मोठा करून करून बघते, अशूचा हार सोडून माझंच तोंड. "पार्लरवालीनं केलं?" "न्हाई, माझं मी."
खोलीभर बायकांपुढं बोलले आणि आईला नाही, हे बसल्या जागी टोचायला लागलं. सांगून टाकलं. ॲलर्जी नव्हती आई.
आईनं फोन उलटा ठेवला. म्हणाली, "तुझी लातूरची पुस्तकं रद्दीला देताना पानांत सापडल्या होत्या. झटकून टाकल्या मी."
"मग विचारलं का न्हाईस?"
"भ्याले. विचारलं तर अजून करशील वाटलं." मग, "अंडी उगंच बंद केली तुझी."
आम्ही दोघी रडलो नाही. मलाच नवल वाटलं. तिनं उठून दोन अंड्यांची पोळी केली, मिरची जास्त.

१६ डिसें., मंगळ. नांदेड
आई आता रोज संध्याकाळी फोन करते. हॅलो न म्हणता थेट, "आज?" मी म्हणते, "एक बी न्हाई." "बरं," म्हणते. मग बाकीचं.
पहिल्या दिवशी राग आला होता. आता सहा वाजले की वाट बघते.

१९ डिसें., शुक्र.
मस्कारा पर्समध्ये उघडा राहिला, आख्खा वाळला. आपांकडं गेले. तो यायचा बंद झालाय म्हणे, एजंट म्हणाला कंपनीनंच बनवणं थांबवलं. आपा माझ्यापेक्षा जास्त चिडल्या. "अच्छी चीज इनको बनाना ही नै." त्याच जातीचा दुसरा दिला, ब्रश जरा जाड. टिश्यूला दोनदा टेकव म्हणाल्या.

२२ डिसें., सोम.
नवा तितका बरा नाही. कोमट पाण्यानं सुटतो, ते ठीक. पण संध्याकाळपर्यंत टोकांना गुठळी धरतो. आज रिपोर्ट टाईप करताना हात वर गेला आणि मला कळायच्या आत
एक.
डाव्या डोळ्याची. कीबोर्डवर पडली होती. उचलून कागदात गुंडाळून टाकली. चेहरा धुतला, राहिलेले रिपोर्ट पूर्ण केले. आपांना सांगायचं, हाही नको, अजून दुसरा बघू. ब्रश मात्र बारीकच हवा.
सहाला फोन. "आज?"
खोटं तोंडाशी आलं होतं. "एक," म्हटलं.
पलीकडं कुकरची शिट्टी झाली. आई म्हणाली, "एकच ना? बरं. भाजी काय केलीस?"