संध्याकाळची फेरी

तीर्थरूप आईस, तुझ्या एबचा नमस्कार.

मॅनिटोबात थंडी कडक आहे, पण मी धडधाकट आहे. तुझा गुडघा कसा आहे?

मी चालवतो त्या शाळेच्या बसची गोल फेरी मी स्वतः मोजूनमापून आखलेली. गणिताच्या प्राध्यापक लोर्नाबाईंनी ती परवा पाहिली. म्हणाल्या, "पेनर, संध्याकाळी फेरी उलटी का फिरवता? सकाळी पहिली चढणारी टीना शेवटी उतरते. एकाच पोरीला दोनदा शिक्षा?"

"आजवर कुणाची तक्रार नाही," मी तडकलो.

"झोपलेली पोरं तक्रार करतात होय?"

घरी आकृती काढून पाहिली. बाईंचंच खरं.

काल संध्याकाळीही सकाळच्याच दिशेने निघालो. टीना उजेडात उतरली आणि बर्फातून पळत घरी गेली. इतके दिवस मी तिला अंधारात, झोपलेलीच उचलून दारात नेत होतो.

जपून राहा.

तुझा,
एब