टाक्यातला मागूर

अहो,

तुमीच शिकवलेल्या अक्षरात लिहून राहिली. कापसाच्या गाड्या पोचवून तुमी अमरावतीहून याल, तवा मी घरात नसन. भावासंगं हिवरखेडले माहेरी चालली. भाकरी शिंक्यावर हाय. गायीचं दूध शेजारच्या गोदाबाई काढतील.

अंगणातल्या टाक्यात मागूर मासा दिसनार नाई. मेला नाई तो. घागरीत घालून, वर वलं फडकं बांधून मी त्याले संगं नेला.

थोरल्या बाईनं, तुमच्या पयल्या बायकोनं, तो टाक्यात सोडला होता. त्या देवाघरी गेल्या, मासा राहिला. विलायतेत कापूस जाऊ लागल्यापासून तुमी घरी येता कमी, अन् आले की आधी टाक्यापाशी बसता. त्याले कणकेच्या गोळ्या टाकता, भाव चढला म्हणून सांगता. मले मात्र कायीच सांगत नाई.

परवा मी मासे धरनाऱ्या भोयाले इचारलं, "मागूर घरच्या पाण्यात किती जगते?"

तो म्हणे, "जीव लावला तर पंधरा वर्सं बी काढीन, बाई."

मले रडूच आलं. इतकी वर्सं मी एका माशाचा हेवा करत बसू?

काल त्याले मोर्णा नदीत सोडाले गेली होती. घागर वाकवली, तसं त्यानं तोंड वर काढून हवा घेतली. माहा हात थांबला. त्या मुक्या जिवाचा काय दोष?

माघं मले माहेराहून आनाले तुमी गडी धाडला होता. आता माशासाठी तुमी सोता याल, हे मले ठाऊक हाय. अन् त्याचंच जास्त वाईट वाटते.

गिरजा