नळीतला रंग आणि नऊ भोकांची वायर

आत्याबाई,

माझ्यावर मोठा अन्याय झाला आहे आणि तो ऐकून घ्यायला या घरात कुणाला सवड नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. तुमच्या नातीनं, म्हणजे माझ्या लेकीनं, पुण्याहून मला साखर मोजायचं मशीन पाठवलं. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीला लावायचा, की आकडा येतो. इथवर तक्रार नाही. बोट माझं, रक्त माझं. पण त्याच्याबरोबर तिनं एक वायरही पाठवली, मशीनमधले सगळे आकडे घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून तिला धाडायला. त्या वायरच्या तोंडाला नऊ भोकं, आणि आमच्या कॉम्प्युटरच्या पाठीला नऊ सुयांची जागाच नाही. जुन्या जालन्यातल्या चार दुकानांत मी ती वायर मेलेल्या सापासारखी हातात धरून हिंडले. एक म्हणाला, हे आता जुनं झालं बाई. त्याच्या समोरचा म्हणाला, हे अजून आपल्याकडं आलं न्हाई. मध्ये सहा हातांची गल्ली. तिथं उभी राहून मी बराच वेळ विचार केला की मी नेमकी कोणत्या काळात आहे. शेवटी औरंगाबादहून जोडाचा तुकडा आला आणि आज दुपारी, वीज जायच्या आधी, ती वायर एकदाची बसली. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं भरायला लागली. वर पंखा, बाहेर ऊन, आणि ती पट्टी. बघता बघता मला स्पिरिटचा वास आला.

मी कुंभार पिंपळगावच्या घरामागं उकिडवी बसले आहे. नवी सून, बारावी सायन्स, म्हणून नळीचं काम माझ्याकडं. स्वैपाकघरात हे आणायचं नाही हा तुमचा हुकूम, तेव्हा न्हाणीच्या भिंतीशी दगडावर स्पिरिटचा दिवा, चिमट्यात काचेची नळी, नळीच्या तळाशी निळं औषध आणि त्यात तुमच्या लघवीचे आठ थेंब. उकळी फुटते आणि निळ्याच्या आत काहीतरी जागं व्हायला लागतं. साखर नसली तर रंग निळाच राहतो. थोडी असली तर हिरवा, मग पिवळा, नारंगी, आणि फारच झाली तर विटकरी. तो रंग बदलताना बघायला मला आवडायचं, हे मी कुणाला सांगितलं नाही. कोवळं ऊन नळीतून आरपार जायचं, बागेकडून मोसंबीच्या फुलांचा वास यायचा, आणि त्या दोन मिनिटांत मी कुणाचीच सून नसायचे. मग खाटेवरून तुमचा आवाज येतो, "काय रंग आला गं?" तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नळी दिसायची, रंग दिसायचा नाही. मी सांगेन तो रंग. त्या रंगावर इन्सुलिनचं माप ठरायचं. गावात फ्रिज नव्हता, म्हणून बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरलेली असायची. तुमचे चिरंजीव ती काढायचे, डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद वाचायचे, आणि मी सुई भरायची.

माझे वडील वाटूरहून एस.टी.नं आले तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं. तुमच्या ओसरीवर ते पहिल्यांदाच जेवायला बसले. वरणात मीठ नव्हतं. ती चूक माझीच. त्यांच्या ताटात मीठ वाढता वाढता तुम्ही म्हणालात, "तुमच्या पोरीला नळीतलं बराबर समजतं. पातेल्यातलं समजत न्हाई." सगळे हसले. वडीलही हसले, आणि हसता हसता त्यांनी जी मान खाली घातली ती हात धुवेपर्यंत वर केली नाही. वाक्य फार चांगलं होतं, आत्याबाई. मी हल्ली पेपरात लोकांना चिमटे काढायचंच काम करते, तरी इतकं आवरतं वाक्य मला अजून साधलेलं नाही. पण त्या दिवशी मला वाक्य दिसत नव्हतं. वडिलांची मान दिसत होती.

दुसऱ्या सकाळी घरात पुरण शिजत होतं. रंग चांगला आला तर तुम्हाला एक पोळी, असा आपला करार. नळीत हिरवा आला, मुगाच्या कोवळ्या शेंगेसारखा. तुम्ही विचारलंत, "काय रंग आला गं?" मी म्हणाले, "विटकरी." पोळी जाईल, एवढाच माझा हिशोब. पण तुमचे चिरंजीव कागद घेऊन उभेच होते. म्हणाले, "विटकरीला आठ युनिट जास्त." मी म्हणाले, "चारच देऊ की." ते म्हणाले, "कागदावर आठ आहे. तू डॉक्टर लागून गेलीस का?" आता खरं सांगायचं तर नळी पुढं धरायला हवी होती, आणि ती मी मोरीत ओतून बसले होते. मी आठ जास्त भरले. तुमच्या दंडाला मीच टोचलं.

दहाच्या सुमाराला तुम्ही मोसंबीखाली ज्वारी पाखडत बसला होतात. मी पाणी घेऊन आले तर सूप उलटं, आणि तुमचं लुगडं घामानं चिंब. डोळे माझ्याकडे, पण त्या डोळ्यांत मी नव्हते. तुम्ही माझा पदर धरलात आणि बारीक, कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणालात, "आई, न्यायला आलीस का? मला न्हाई ऱ्हायचं हितं. जल्दी चल." जास्तीच्या इन्सुलिननं साखर पार उतरली होती. मी गुळाचं पाणी करून आणलं, चमच्याचमच्यानं तोंडात घातलं. अर्धं बाहेर सांडायचं. तुम्ही मला सांगत होतात की इथली माणसं चांगली आहेत पण हसतात. की घरी गेल्यावर काळ्या शेळीजवळ झोपणार. वरून पाकळ्या पडत होत्या, तुमच्या केसांत, गुळाच्या पाण्यात. मला वाटलं, ही सात-आठ वर्षांची पोर माझ्या हातात मरणार आणि हिला कुणी मारलं हे फक्त मला माहीत असणार. "चल म्हणते ना, आई," तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, "चल." त्या वेळी मी खरंच घेऊन निघाले असते, कुठं ते माहीत नाही. मग हळूहळू तुमच्या डोळ्यांत तुम्ही परत आलात. पदर सोडलात, माझ्याकडे नीट बघितलंत आणि म्हणालात, "ज्वारी सांडली सगळी. रडून काय राह्यलीस, गोळा कर."

त्यानंतर महिन्यानं वडील पुन्हा आले. तुम्ही त्यांना ओसरीवर बसवलंत आणि माणसं जमलेली बघून म्हणालात, "तुमची पोर नसती तर मी गेल्ते. हिनं वाचवलं मला." वडिलांची मान वर आली. मी दाराआड उभी होते. तेव्हाच पुढं येऊन सांगायला हवं होतं. मी वडिलांच्या मानेकडं बघितलं आणि चहा टाकायला आत गेले. ते पुढं दहा वर्षं जगले आणि ही गोष्ट त्यांनी वाटूरमध्ये कुणाला सांगायची शिल्लक ठेवली नाही. तुम्हीही गेलात ते छातीच्या दुखण्यानं, तेच मानत.

तर पट्टी भरली. पडद्यावर तीन महिन्यांचे माझे आकडे ओळीनं उभे राहिले, तारखेसकट, वेळेसकट. फोनवर मी नातीला सांगत आले ते आकडे वेगळे होते. प्रत्येक आकड्याशेजारी एक चौकट असते. तिच्यातली खूण काढली की तो आकडा पुढं जात नाही. मी सहा खुणा काढल्या. पंखा फिरत होता. मग एकेक करून सहाही परत लावल्या आणि पाठवून दिलं. पाच मिनिटांत फोन.

"आई, हे तीनशे बारा कुठलं? तू तर एकशे चाळीस म्हणालीस."

"ते मी म्हणाले होते."

"खाल्लंस काय?"

"खरवस. मागच्या गल्लीतली म्हैस व्याली."

"म्हशीचं राहू दे. डॉक्टर आता इन्सुलिन सुरू करतील. बाबांना म्हणावं, माप बघून भरून देत जा."

तुमचे चिरंजीव पलीकडे पेपर वाचत होते. त्यांना सांगितलं तर पेपर खाली न घेता म्हणाले, "नर्सबाई लाव. आपल्याच्यानं होणार न्हाई." मी म्हणाले, कागदावर बघून आकडा तर वाचायचा. तेव्हा ते म्हणाले, "एकदा वाचला होता. आईच्या वेळी. चारच लिहिलं असंल, मी आठ वाचलं. तू म्हणालीस बी, चारच देऊ."

आत्याबाई, हा माणूस लाइटबिल दोनदा वाचतो. गोळ्यांची पाकिटं, लग्नपत्रिका, एस.टी.चं तिकीट, सगळं दोनदा, ओठ हलवत. मी त्यावर तीन विनोदी लेख लिहिले आहेत आणि लोक पोट धरून हसले आहेत.

मी खुर्ची त्यांच्याकडं ओढली आणि सांगितलं. मीठ, वडील, नळी, सगळं. त्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "मंग मी बराबर वाचलं होतं?"

"बराबर वाचलं होतं."

"आठच होते?"

"आठच."

ते उठले, चष्मा धोतराला पुसला आणि पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. माझे आकडे वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचले, तीनशे बारासकट. एकदाच वाचले. मला रागावतील म्हणून मी थांबले होते. ते म्हणाले, "बाटली माठाखाली ठेवायची का फ्रिजात?"

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे लिहायला घेतानाच माहीत होतं. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. तुमच्या भावाची पत्रं यायची तर "वाच गं" म्हणून माझ्याकडंच द्यायचात आणि माझ्या तोंडाकडं बघत बसायचात. हेही तुम्ही माझ्याकडंच दिलं असतं. मी वायरीचं वाचलं असतं, नातीचं वाचलं असतं, तुम्ही खरवसाला हसला असतात. पण नळीतल्या मुगाच्या शेंगेशी आल्यावर, आज एवढं सगळं करूनही, मी ते पान न वाचताच उलटलं असतं.